टाइप १ डायबेटिस झाल्यावर पूर्वीसारखं जगता येतं का? ट्रेकिंग सोडावं लागेल का?

चोविसाव्या वर्षी टाइप १ निघाला, घरचे म्हणतात लग्न ठरेपर्यंत कुणाला बोलू नकोस, आणि तुम्ही विचारताय ट्रेकिंगचं. ट्रेकिंगचं नंतर बघू. आधी ते ‘कुणाला बोलू नकोस’.

मला २००४ मध्ये निघाला. वीस वर्षांची होते. आत्याचं पहिलं वाक्य होतं, “मुलीची जात आहे, चार भिंतींबाहेर जाता कामा नये.” तेव्हापासून पाहुणे आले की फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली कोथिंबिरीच्या जुडीखाली जायची.

२००७ साली मी वारीला गेले, आत्याच्याच दिंडीतून. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांबचा, आणि त्या दिवशी एकादशी. पहाटे मुक्कामाच्या शाळेत, संडासाच्या दाराला पाठ लावून मी इंजेक्शन घेतलं. तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ मिक्सचं, म्हणजे झटपट आणि सावकाश चालणारं एकत्र असलेलं इन्सुलिन घ्यायचे. डोस रोजचाच घेतला. तेवढ्या चालीला तो कमी करायला हवा होता, पण हे विचारणार कुणाला? हडपसरला मूठभर साबुदाणा मिळाला, पुढे नुसता चहा. ग्लुकोजचा पुडा आणि ग्लुकोमीटर बॅगेत, बॅग दिंडीच्या ट्रकमध्ये, आणि ट्रक केव्हाच पुढे गेलेला. खांद्याला पिशवी लावली असती तर कुणीतरी विचारलं असतं ना, की त्यात काय आहे!

दिवे घाटाच्या मध्यावर शुगर खाली गेली आणि हात थरथरायला लागले. वरून भुरभुर पाऊस आणि मला दरदरून घाम. पुढच्या दिंडीच्या पाटीवरचा आकडा दिसत होता, पण वाचता येईना. मी कठड्याला टेकले. कुणी पाणी दिलं, कुणी कांदा हुंगायला दिला. शेजारच्या दिंडीतल्या एका म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, “हिला साखर हाय का?”

आत्या म्हणाली, “छे हो, उपास झेपला नाही तिला.”

हे मी अजून विसरलेले नाही. म्हातारीनं तिच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. कनवटीच्या पुरचुंडीतला गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला. “आमच्या धन्याला असंच व्हायचं,” एवढंच बोलली. दहा-पंधरा मिनिटांनी मला पाटीवरचा आकडा वाचता आला. सासवडच्या मुक्कामी आत्याशी कडाक्याचं भांडण झालं. मग चार दिवस आम्ही एकाच दिंडीत चाललो, पण बोललो नाही.

त्यानंतर कांदेपोह्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात मी स्वतः सांगायचे. सात स्थळं परत गेली. आत्या प्रत्येक वेळी “बघ, मी म्हणत नव्हते?” म्हणायची. आठव्यानं विचारलं, “वेळ आली तर इंजेक्शन मला देता येईल का?” तोच माझा नवरा. मुलगी आता सातवीत आहे. त्या नऊ महिन्यांत मी दिवसातून सात वेळा बोट टोचत होते, म्हणजे सोपं होतं असं मुळीच नाही.

तेव्हा सांगा. मित्रांना, ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला, आणि येणाऱ्या स्थळाला तर पहिल्याच दिवशी. यात लाज कसली? आपल्याच शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, यात ना तुमचं चुकलं, ना आईनं दिलेल्या लाडवांचं. लोक तुम्हाला वसीम अक्रमचं उदाहरण देतील. १९९७ मध्ये निदान झाल्यावरही तो कित्येक वर्षं खेळला, हे खरंच आहे. पण मला बँकेच्या काउंटरवर बसायचं होतं, मला त्याचा काय उपयोग? १९२२ मध्ये टोरांटोत पहिलं इन्सुलिन मिळालेल्या चौदा वर्षांच्या मुलाचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. त्याला पुढे तेरा वर्षं मिळाली, तीही घरी ग्लुकोमीटर नसताना.

जडीबुटीवाल्यांना दारात उभं करू नका. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद म्हणजे खेळ खलास. आणि बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेली, असेल तर सिरिंजही ४०चीच घ्या. १००ची सिरिंज त्याच खुणेपर्यंत भरली तर निम्म्याहूनही कमी डोस जातो.

मी डॉक्टर नाही, डोसचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला. आणि आत्या वाईट बाई नाही, हेही लिहायला हवं. माझी फी तिनंच भरली होती. आता तिलाही साखर आहे, टाइप २. गोळ्या ती पोह्यांच्या डब्यामागे ठेवते.

हां, ट्रेकिंग. सोडू नका. साखरेची पुडी खिशात ठेवा, सॅकमध्ये नको. हातपाय थरथरले तर तीन चमचे पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा. बेशुद्ध झालात तर सोबत्यांनी तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे त्यांना गड चढण्याआधीच सांगून ठेवा. उतरल्यावर रात्री झोपण्याआधीही एकदा बघा, दिवसभराच्या चालीनं शुगर कधीकधी रात्री खाली येते.