कप राहू दे, आजोबांची बशी बघ

बडोदा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचा हात कापतो, चहा सांडू नये म्हणून तू केलेल्या कपाचा व्हिडिओ पाहिला. मोटार, सेन्सर, बॅटरी, सगळं नीट बसवलंयस. पण सबंध व्हिडिओत आजोबा कुठेत? कप टेबलावर, कप तुझ्या हातात, कप चार्जिंगला. ज्यांच्यासाठी केला त्यांचा हात एकदाही दिसला नाही.

दांडिया बाजारातल्या तुमच्या ओट्यावर बसून ते बशीतून चहा पितात, हे मी कित्येक वर्षं पाहतोय. कप तोंडाला लावताना कधी पाहिलं नाही. मग चहा सांडतो तो नेमका केव्हा? बशीत ओतताना, बशी उचलताना, की ओठांपाशी आल्यावर? थोडे दिवस नुसतं बघ, आणि वही उघडून समोर तर मुळीच बसू नकोस. कुणी बघतंय म्हटलं की हात जास्तच कापतो. डॉक्टरांनाही विचार. पार्किन्सन या मेंदूच्या आजारातला कंप बहुधा हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसतो. दुसऱ्या एका प्रकारात वस्तू उचलून तोंडाकडे नेतानाच हात थरथरतो. दोन्हींना एकच भांडं चालेल असं धरून चालू नकोस.

अमेरिकेतल्या लिली बॉर्न या शाळकरी मुलीनं पार्किन्सन झालेल्या आजोबांसाठी तीन पायांचा कप केला. मोटार नाही की बॅटरी नाही. पाय बाहेर फाकलेले, म्हणून सहजी कलंडत नाही, बस्स. तिथलेच सॅम फार्बर. संधिवातामुळे बायकोला साली काढायचं सोलाणं धरवेना, म्हणून त्यांनी जाड, मऊ मुठीचं करवून घेतलं आणि १९९० साली बाजारात आणलं. ते आजाऱ्यांचं म्हणून विकलं नाही, म्हणून धडधाकट लोकांनीही घेतलं. हे तुझ्या कामाचं आहे. चार पाहुण्यांत आपल्यापुढेच वेगळं भांडं आलेलं तुझ्या आजोबांना खपायचं नाही. बशा करशील तर घरातल्या सगळ्यांना एकसारख्या कर.

बूड रुंद आणि जड ठेव, धरायला दोन्हीकडे कान दे. काठ उंच कर, पण पिण्याच्या बाजूला उतार हवा. तोंड मात्र अरुंद करू नकोस. चहा पसरून लवकर निवतो म्हणून तर माणसं बशी घेतात. तुझा नमुना थ्रीडी प्रिंटचा, पीएलए प्लास्टिकचा आहे ना? ते साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं, आपला चहा त्याहून गरम. शिवाय थरांच्या खाचांत दूध-साखर अडकून बसते. आकार नि मापं ठरवायला प्रिंट ठीक, तेही गार पाणी भरून. पुढे स्टील. एकेरी पत्र्याचा चटका बसेल, तेव्हा दुहेरी भिंत लागेल.

झाली की ‘आवडली का’ विचारू नकोस. नातीनं केलेल्या वस्तूला कोण नावं ठेवील? फडताळात जुन्या बशीशेजारी ठेव आणि खुशाल कॉलेजला जा. आठवड्यानं आजीला विचार, घासायला कुठली बशी जास्त वेळा येते. जुनीच येत असेल तर पुन्हा ओट्यावर जाऊन बस.

एक व्यवहाराचं. पेटंटचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी व्हिडिओ जगजाहीर करू नकोस, नावीन्य तिथेच जातं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. नुसत्या आकारासाठी डिझाइन नोंदणी वेगळी असते, आणि खरं सांगायचं तर बशीला तीच जास्त लागू पडेल.

कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतेस. सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली काढलं ते हाताला कसब यावं म्हणून, तेव्हा लेथपाशी उभं राहून हात काळे करायला लाजू नकोस. शनिवारी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, माझ्याबरोबर चल. ओळखीचा कारागीर आहे, तोंडाचा फटकळ पण हाताचा सोनं. चित्र नको दाखवूस त्याला, मापं लिहून आण, मिलिमीटरमध्ये.

तुझा,
काका