पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस, त्याने आपल्या 'ज्यूंचा प्राचीन इतिहास' या ग्रंथात बायबलमधल्या गोष्टी जशाच्या तशा सांगितल्यात का?

नाही. 'काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही' असं सुरुवातीलाच सांगतो आणि मग सोन्याच्या वासराचा, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचा, अख्खा प्रसंगच गाळतो! कारण समजून घ्या, इसवी सन 93-94 च्या सुमारास तो रोममध्ये बसून ग्रीकमध्ये लिहितोय, आणि ज्यू लोक गाढवाचं मुंडकं पुजतात अशा अफवा तेव्हा होत्याच, त्यात वासराची गोष्ट कशाला सांगेल तो. उलट ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेला (मोझेस) तो इजिप्तचा सेनापती करतो, इथिओपियावर स्वारी, वाटेत सापच साप, म्हणून मोशे टोपल्यांतून साप खाणारे शराटी पक्षी नेऊन सोडतो, शिवाय तिथली राजकन्या थार्बिस त्याच्या प्रेमात पडते. बायबलमध्ये फक्त मोशेच्या कूशी (म्हणजे इथिओपियाकडच्या) बायकोचा ओझरता उल्लेख आहे. मला ही लबाडी वाटत नाही, रोमकडून हरलेल्या ज्यू समाजाची इभ्रत राखायची धडपड वाटते.