‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ आलं की रडू येतं

“मॅडम, हिका इंग्रजी जमतला काय? नायतर सायन्सचो नाद सोडूया.”

देवगड तालुक्यातली एक आई दहावीतल्या मुलीला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) प्रिलिममध्ये बाकी विषय चांगले, पण इंग्रजीत डायरेक्टचं इनडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगायला आलं की मुलगी रडकुंडीला येते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात आघाडीवर असतो. त्याचं ओझं इथल्या मुलांवर किती असतं, हे मी जवळून बघते. म्हणून व्याकरणाचा एक प्रश्न अडला तरी ‘माझ्यातच काही कमी आहे’ इथपर्यंत मूल पोचतं.

तिची वही मागितली. नियमांचा तक्ता पानापानांवर उतरवलेला: विलचं वुड, कॅनचं कुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे. आणि खाली उत्तर, ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो.’ त्यावर लाल फुली.

वही मिटून मी विचारलं, “बाबांचा फोन कधी आला होता?” वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत.

“काल. रेंज मिळाली तेव्हा.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, उद्या येतंय.”

“आणि आज सकाळी आजीने विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?”

“बाबा आज येणार म्हणाले.”

“उद्याचं आज कसं झालं गं?”

ती थांबली. मग हसली. तक्ता न बघता तिने ते केलं होतं.

‘बाबा म्हणाले की मी उद्या येईन’ हे मराठीत बिनचूक वाक्य आहे. बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ मराठीत तसाच ठेवता येतो. इंग्रजीत इनडायरेक्ट करताना सांगणारा स्वतःच्या जागेवरून सांगतो. त्यामुळे ‘आय’चा ‘ही’ होतो आणि ‘सेड’ भूतकाळी असल्याने ‘विल’चं ‘वुड’. तिच्या उत्तरात मराठीची सवय उतरली होती, बुद्धीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे ऐकताना तिच्या आईचा चेहराही सैल झाला.

पुढे आम्ही प्रत्येक वाक्याला आधी विचारत गेलो: कोण बोललं, कोणाला, कधी? त्याच दिवशी सांगितलं तर टुमॉरो तसंच राहू शकतं, पण पेपरात ते कळत नाही, तिथे द नेक्स्ट डे लिहावं. प्रश्नार्थी वाक्यात ती अजून चुकते. ‘व्हेअर आर यू गोइंग’चं ‘व्हेअर शी वॉज गोइंग’ करताना क्रम सरळ करायला विसरते. ते सरावाने बसेल. ‘द मून कॉजेस द टाइड्स’मधला वर्तमानकाळ मात्र तिने तसाच ठेवला. का, विचारल्यावर म्हणाली, “भरती काय कालच्यापुरती असते?”

आईला एवढंच सांगितलं, तक्ता पुन्हा पुन्हा लिहायला लावू नका, आणि तिच्यासमोर ‘आमच्या घरात इंग्रजी कोणालाच येत नाही’ हे वाक्य बंद करा. घरी आलेले फोन रोज दोन-तीन वाक्यांत इंग्रजीतून सांगू दे, चुकली तरी पूर्ण बोलू दे. सायन्स घ्यायचं की नाही, हे तिची आवड आणि गणित-विज्ञानातली गती बघून ठरवायचं. त्यासाठी परीक्षेनंतरची वेगळी भेट ठरवली आहे.