नेटबुकवरील फायरफॉक्स: आधी उंची वाचवा

तुमच्या नेटबुकवर, म्हणजे छोट्या लॅपटॉपवर, फायरफॉक्स हा ब्राउझर कसा मांडावा, असे तुम्ही विचारले आहे. त्याच्या पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे केवळ ६०० पिक्सेल आहेत, त्यामुळे फायरफॉक्समध्ये कोणताही बदल करताना उंची किती वाचते, हाच निकष ठेवावा. टूलबारवर उजवे क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ उघडा, शीर्षकपट्टी सुरू असल्यास तिची खूण काढा आणि बुकमार्कांची पट्टी कंट्रोल, शिफ्ट व बी या कळांनी गरजेपुरतीच दाखवा.

२०२१ मधील ८९ व्या आवृत्तीपासून ‘कॉम्पॅक्ट’ हा दाट मांडणीचा पर्याय लपवण्यात आला, आणि माझ्या मते तो लहान पडद्यांवर अन्यायच होता. तो परत मिळवण्यासाठी पत्त्याच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘अबाउट:कॉन्फिग’ टाइप करावे, ‘ब्राउझर.कॉम्पॅक्टमोड.शो’ ही नोंद शोधून ‘ट्रू’ करावी आणि मग कस्टमाइझच्याच पानावरील ‘डेन्सिटी’मधून तो निवडावा. २०२५ मधील १३६ व्या आवृत्तीपासून टॅब कडेला उभेही लावता येतात. ही पट्टी चिन्हांपुरती आक्रसून ठेवल्यास रुंदी फारशी जात नाही.

दीर्घ वाचनासाठी पान पूर्ण पडदाभर दाखवणारी एफ११ ही कळ पुरेशी आहे. अक्षरे मात्र सरसकट लहान करू नका, डोळ्यांना फार त्रास होतो. जे संकेतस्थळ पडद्यात मावत नाही, तेथेच कंट्रोल आणि वजा या कळांनी पान लहान करा, कारण फायरफॉक्स ते प्रमाण त्या संकेतस्थळापुरते लक्षात ठेवतो.