शेपटीच्या बुडाशी केस गेलेला भुऱ्या

प्रश्न : आमचा भुऱ्या हा तीन वर्षांचा गावठी कुत्रा घराची राखण करतो. पोळ्यापासून तो रात्रंदिवस अंग खाजवत आहे. कमरेवरचे आणि शेपटीच्या बुडाजवळचे केस गेले असून चावून चावून तिथे जखम झाली आहे. गोठ्याला लागून असलेल्या सपरीत तो जुन्या बारदान्यावर झोपतो. कपड्याच्या साबणाने रोज आंघोळ घालूनही फरक पडला नाही. शेजारचे काका ट्रॅक्टरचे जळके ऑइल लावायला सांगतात, तर घरात कोणी पऱ्हाटीवरचे फवारणीचे औषध पाण्यात कालवून लावू म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ऑइल आणि फवारणीचे औषध, दोन्ही नको. कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते तो चाटतोच, म्हणजे ते थेट पोटात जाते. 2017 च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, आणि त्यांनी तर ते औषध चाटलेही नव्हते. काकांचा हेतू चांगला असेल, पण जळक्या ऑइलने कातडी भाजते आणि खाज दबल्यासारखी वाटली तरी मूळ कारण तसेच राहते.

रोजची आंघोळही थांबवावी. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी असते. कपड्याच्या साबणाने तिच्यावरचा तेलकट थर निघून जातो, ती कोरडी पडते आणि खाज उलट वाढते.

खाज नेमकी कुठे आहे यावरून पुष्कळ कळते, आणि तुम्ही सांगितलेली जागा बहुधा पिसवांची आहे. खात्री घरीच करता येईल. कमरेवरचे केस उलटे फिरवून मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण दिसतात का ते पाहावे, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घेऊन हलकेच चोळावेत. फडक्यावर तांबूस डाग उमटला, तर ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. अंगावर पिसू एकही दिसली नाही तरी फसू नये, कारण तिच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात.

खरे ठाणे कुत्र्याच्या अंगावर नसून त्या बारदान्यात आहे. पिसवांची अंडी अंगावरून गळून पडतात, अळ्या आणि कोश धुळीत व भेगांत वाढतात, आणि कोशावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून बारदाना जाळून टाकावा, त्याऐवजी जुने लुगडे अंथरून ते दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवावे, आणि सपरीची जमीन रोज झाडून केर दूर टाकावा. कुत्र्यासाठीची पिसवांची गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब पशुवैद्यकांकडून वजनानुसार घ्यावेत आणि निदान तीन महिने चालू ठेवावेत. पहिल्या महिन्यात खाज कमी झाली की औषध बंद करणारेच पुन्हा पत्र लिहितात. बैलांच्या गोचिडांचे औषध किंवा इंजेक्शन मात्र अंदाजाने भुऱ्याला देऊ नये. घरात मांजर असेल तर तिला कुत्र्याचे थेंब लावू नयेत, काहींतील परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीच्या जिवावर बेतते.

जखमेभोवतीचे केस कात्रीने जपून कापावेत. एक लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात दीड लहान सपाट चमचा मीठ विरघळवून दिवसातून दोनदा जखम धुवावी आणि कोरडी टिपावी. कडूलिंबाच्या पाल्याचे गार केलेले पाणी खाजेवर शिंपडण्यास हरकत नाही, परंतु निंबोळीचे तेल तसेच चोळू नये. माणसांची खाजेची ट्यूबही नको. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असते.

फडक्यावर डाग न पडता कानांच्या कडा आणि कोपरांवर खपल्या धरल्या असतील, तर खरजेची शंका घ्यावी. तिच्या एका प्रकारात घरातल्या माणसांनाही खाज सुटते, त्यामुळे मुलांना कुत्र्याजवळ झोपू देऊ नये. अशा वेळी, तसेच जखमेत किडे पडले, अंगावर गोचीड असून ताप आला, हिरड्या पांढुरक्या झाल्या किंवा खाणे सुटले, तर घरच्या उपायांत दिवस घालवू नयेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. नेणे जमत नसेल, तर 1962 या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी. जाताना ते डागाचे फडके सोबत ठेवावे.