शाफ्टच्या मोडल ॲनालिसिसमध्ये बेअरिंगची स्टिफनेस किती द्यावी?

तुम्ही म्हणता, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ब्लोअरच्या शाफ्टची मोडल ॲनालिसिस (संगणकावर नैसर्गिक कंपनाच्या फ्रीक्वेन्सी काढणं) करताना दोन्ही ६२०८ बॉल बेअरिंगांच्या जागी फिक्स्ड सपोर्ट दिला आणि पहिली फ्रीक्वेन्सी हॅमर टेस्टपेक्षा (हातोडीने ठोकून कंपन मोजण्यापेक्षा) फारच वर आली. आता बेअरिंगच्या जागी स्प्रिंग लावायची, तर तिच्या स्टिफनेसचा (ताठपणाचा) आकडा कुठला?

फिक्स्ड सपोर्ट आधी काढाच. तो शाफ्टला बेअरिंगपाशी कलूच देत नाही. खरं ६२०८ थोडंफार कलू देतं.

आकड्याचं म्हणाल, तर तो लोडवर ठरतो. बॉल आणि रेस यांचा संपर्क हर्ट्झच्या नियमाने चालतो: जितकं दबतं त्याच्या १.५ व्या घाताच्या प्रमाणात लोड वाढतो. बेअरिंग किती दबतं हे सांगणाऱ्या पामग्रेनच्या सूत्राने २००० न्यूटन रेडियल लोडला ६२०८ साधारण २० मायक्रॉन दबतं. सरळ भागाकार केला तर १०० न्यूटन प्रति मायक्रॉन. पण मोडलला लोड-दबण्याच्या आलेखाचा त्या बिंदूवरचा उतार लागतो, आणि तो याच्या दीडपट, म्हणजे १५०. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर १,५०,००० न्यूटन प्रति मिलिमीटर भरा. शून्यांची गडबड इथेच होते.

टेस्ट बेल्ट उतरवून घेतली होती का, हे नक्की बघा. तेव्हा बेअरिंगवर फक्त शाफ्ट आणि इम्पेलरचं वजन असतं. ते समजा २०० न्यूटन धरलं, तर तेच बेअरिंग ७० न्यूटन प्रति मायक्रॉनच्या आसपास येतं, आणि क्लिअरन्समुळे (आतल्या मोकळ्या जागेमुळे) त्याहूनही खाली. टेस्टशी ताळा जुळवायचा असेल तर टेस्टच्या वेळचाच लोड धरा. चालू मशीनसाठी ॲनालिसिसचा वेगळा रन घ्या.

हाउसिंग (बेअरिंग बसतं ते घर) आणि खालची फ्रेम बेअरिंगशी सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या स्प्रिंगांसारखी असतात. आपल्याकडे हाउसिंगचं कास्टिंग चांगलं जाड असतं, पण चॅनेल वेल्ड करून केलेली फ्रेम बऱ्याचदा नरम निघते. त्या दोन्हींची मिळून स्टिफनेस ३०० असेल तर १५० चे १०० होतात. मात्र हाउसिंग-फ्रेम मॉडेलमध्येच घेतली असेल, तर ती पुन्हा स्प्रिंगमध्ये धरू नका.

अक्षीय स्प्रिंग फक्त लोकेटिंग बेअरिंगला (शाफ्टला लांबीच्या दिशेने सरकू न देणाऱ्या) द्या. अक्षाभोवतीचं फिरणं मोकळं ठेवा. त्यामुळे शून्य हर्ट्झचा एक मोड दिसेल, तो बरोबरच आहे.

शेवटी स्टिफनेस निम्मी आणि दुप्पट करून दोन रन घ्या. फ्रीक्वेन्सी फारशी हलली नाही, तर बेअरिंगचा आकडा घासत बसू नका, शाफ्ट आणि इम्पेलरचं वस्तुमान तपासा. हलली, तर हॅमर घेऊन थेट फ्रेमवर टेस्ट करा.