जुनी फ्रेम, नवे गिअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत जुन्या रेसर सायकलींना नवे सुटे भाग बसवण्याचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक वस्तू जवळ असू द्या: व्हर्नियर कॅलिपर. अंदाजानं मागवलेला भाग बहुतेक वेळा परत पाठवावा लागतो.

प्रश्न (धुळे): घरात काकांची इंग्लिश बनावटीची रेसर आहे. 'रेनॉल्ड्स 531' चं स्टिकर अजून शाबूत आहे. 27 इंची चाकं, पुढे 52-42 दातांच्या चकत्या, मागे सहा चकत्यांची 14-24 फ्रीव्हील, गिअरचे दांडे खालच्या नळीवर. लळिंगचा चढ आला की उतरून ढकलावी लागते. फ्रेम तीच ठेवून बाकीचं नवं घालता येईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: घालता येईल, आणि 531 या दर्जेदार पोलादी नळ्यांची फ्रेम त्या लायकीचीही आहे. पण आधी तिची तब्येत बघा. वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून, हँडलच्या बाजूला, बोट फिरवा. रंगाला बारीक चीर किंवा पत्र्याला फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. अशा फ्रेमवर एक रुपयाही घालू नका. मग सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करून थापटा. तांबडी भुकटी थोडी पडली तर चालेल, पापुद्रे पडले तर नळी आतून खाल्ली गेली आहे.

फ्रेम ठणठणीत निघाली की मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचांमधलं, आतलं अंतर मोजा. पाच गिअरच्या जुन्या सायकलींना ते 120 मिमी असतं, सहा-सातच्यांना 126. आजच्या 8 ते 11 गिअरच्या रिम ब्रेकच्या रोड हबला (चाकाच्या मधल्या भागाला) 130 लागतं. तुमचं बहुधा 126 भरेल, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी फाकवायचं. पोलादी फ्रेम तेवढी थंडच वाकते, तापवायची नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच करू नका.

फाकवण्यासाठी 10 मिमी जाडीचा, फूटभर लांबीचा आटेदार रॉड, चार नट आणि जाड वॉशर घ्या. रॉड ड्रॉपआउटमध्ये बसवून आतले नट बाहेरच्या दिशेनं अर्धा-अर्धा फेरा फिरवत जा. पोलाद मागे येतं, त्यामुळे 130 वर थांबलात तर सोडल्यावर पुन्हा 126 च भरेल. थोडं पुढे न्या, सोडा, मोजा, पुन्हा थोडं पुढे न्या. घाई केली की ब्रेकच्या आडव्या पट्टीचा जोड उकलतो. रॉडनं दोन्ही बाजू सारख्या सरकतीलच असंही नाही. म्हणून एका ड्रॉपआउटपासून दोरा काढून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. दोऱ्यापासून सीटच्या नळीपर्यंतचं अंतर डावीउजवीकडे सारखं आलं पाहिजे. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जी बाजू कमी सरकली असेल तीच हातानं ओढून जागेवर आणा.

चाक बसतंय म्हणून हातानंच फाकवून कोंबलं तर? बसतं, पण खाचा एकमेकींना समांतर राहत नाहीत. अ‍ॅक्सलवर कायम ताण येतो आणि तो एक दिवस मोडतो.

आता चाकं. तुमच्या 27 इंची रिंगचा आयएसओ आकडा, म्हणजे टायर बसतो त्या जागेचा मिमीमधला व्यास, 630, आजच्या 700सी चा 622. म्हणजे नव्या रिंगची कड 4 मिमी खाली येते आणि ब्रेकच्या हातांना तेवढं जास्त खाली पोहोचावं लागतं. ब्रेकच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिंगच्या घासणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा. समजा आज 54 मिमी भरलं, तर 700सी वर 58 होईल. आजच्या रेसरचा ब्रेक 39-49 चा असतो, मध्यम पोहोचीचा 47-57 चा. दोन्ही कमी पडतील. तुम्हाला 55-73 चा लांब हातांचा ड्युअल पिव्होट ब्रेक मागवावा लागेल.

आणखी एक अडचण. नव्या ब्रेकचा बोल्ट आखूड असतो आणि त्याचा लांब नट मागून चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) आत शिरतो. जुन्या चिमट्याला भोक 6 मिमीचं आरपार असतं. त्याची फक्त मागची भिंत 8 मिमीपर्यंत वाढवा, पुढच्या भिंतीला हात लावू नका. मागच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचंच नाही. तिथेही पुढच्या चाकासाठी मिळतो तोच ब्रेक घ्या, त्याचा बोल्ट लांब असतो, आणि साध्या नटनं बसवा.

पैसे एकदम जमत नसतील तर आधी चाकं आणि ब्रेक करा, गिअर नंतर. जुनी क्रोमची पोलादी रिंग पहिल्या पावसात ब्रेकला दाद देत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगवर तोच ब्रेक कितीतरी लवकर पकडतो. चढ ढकलत चढता येतो, उतारावर मात्र थांबावंच लागतं.

चढाचं गणित असं. पुढे 42 आणि मागे 24 दात म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 3.7 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारायचे तर ताशी 13 किमीचा वेग धरावा लागतो. लळिंगला तो धरवत नाही म्हणूनच तुम्ही उतरता. पुढे 50-34 चा कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागे 11-32 ची आठ चकत्यांची कॅसेट (नव्या हबवर बसणारा चकत्यांचा संच) घातली तर 34 वर 32 ला एका फेऱ्यात जेमतेम 2.25 मीटर, म्हणजे त्याच 60 फेऱ्यांना ताशी 8 किमी. त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचा हवा. पुढचा फरक 16 दात, मागचा 21, बेरीज 37. एवढी सैल साखळी ओढून धरण्याची त्याची क्षमता असायला हवी.

फ्रेम फाकवायची हिंमत होत नसेल तर सोपी वाट आहे. जुनाच हब ठेवून सात चकत्यांची 14-28 फ्रीव्हील चढवा, ती 126 मध्ये बसते. इंग्लिश आट्यांच्या हबवर शिमानो कंपनीची फ्रीव्हील सरळ जाते. खालच्या नळीवरचे घर्षणाचे दांडे कितीही चकत्यांवर चालतात, त्यांना क्लिकचा हिशोब नसतो. पुढे 34 घातलीत तर 34 वर 28 ला एका फेऱ्यात 2.6 मीटर. आमच्या मते तुमच्या कामाला एवढंही पुरेल.

प्रश्न (चाळीसगाव): कन्नड घाटासाठी जुन्या सायकलला ब्रेकच्या दांड्यातच गिअर असलेले आठ स्पीडचे लिव्हर बसवले. मागे सात चकत्यांची जुनीच फ्रीव्हील ठेवली. मधले गिअर नीट पडतात, टोकाचे खडखडतात, कधी आपोआप उडी मारतात. मेकॅनिक म्हणतो लिव्हर खराब आहेत.

उत्तर: लिव्हर चांगले आहेत, ते बदलू नका. सात चकत्यांत दोन चकत्यांचं मध्यांतर 5.0 मिमी असतं, आठ चकत्यांत 4.8. एका टोकापासून जुळवत गेलात तर सहा क्लिकमध्ये 1.2 मिमीची चूक साठते. जुळवणी टोकाच्या चकतीवर न करता चौथ्या, म्हणजे बरोबर मधल्या चकतीवर करा. मग दोन्ही टोकांना चूक 0.6 मिमी उरते आणि तेवढी साखळी सांभाळून घेते. लिव्हरमध्ये एक क्लिक जास्त उरेल, ती डिरेलरच्या मर्यादेच्या स्क्रूनं अडवा.

तरीही उडी मारत असेल तर तीन गोष्टी या क्रमानं बघा.

पहिली, हँगर. हा डिरेलर टांगायचा कान सायकल उजवीकडे पडली की आत वाकतो. मापाचं हत्यार गावात मिळत नसेल तर क्विक रिलीजचं दुसरं मागचं चाक घ्या. त्याच्या पोकळ अ‍ॅक्सलचे आटे बहुधा 10 मिमी जाड आणि 1 मिमी अंतराचे असतात, हँगरचेही तेच. डिरेलर काढून तो अ‍ॅक्सल हँगरमध्ये पिळून बसवा. आता दोन चाकं शेजारी उभी राहतील. त्यांच्या रिंगांमधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं आलं पाहिजे. नाही आलं तर तेच चाक धरून हलके ओढा. पोलादी हँगर ऐकतो.

दुसरी, केबलचं कव्हर. गिअरला ब्रेकचं कव्हर घातलेलं अनेकदा दिसतं. ब्रेकच्या कव्हरमध्ये तार गुंडाळीत असते, ती दाबली जाते आणि हँडल वळलं की गिअर सरकतो. गिअरच्या 4 मिमीच्या कव्हरमध्ये तारा सरळ असतात. याच्या उलट मात्र कधीच करू नका: गिअरचं कव्हर ब्रेकला घातलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटतं.

तिसरी, डिरेलर. तो क्लिकचे गिअर येण्याआधीचा, दुसऱ्या कंपनीचा असेल आणि तुमचे लिव्हर शिमानोचे असतील तर त्यांच्याशी त्याची ओढ जुळणार नाही. शिमानोचाच पण जुन्या 7400 मालिकेचा ड्युरा-एस डिरेलर असेल तरी नाही. साधा आठ स्पीडचा डिरेलर घ्या, दुखणं संपेल.

प्रश्न (भुसावळ): क्रँक खिळ्यानं, म्हणजे कॉटरनं बसवलेले आहेत आणि हलत नाहीत. दुकानदारानं हातोडा मारून एका कॉटरचं डोकं चेपवलं. आत कार्ट्रिज बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या अ‍ॅक्सलचा बंद बेअरिंगचा संच) टाकायचा आहे.

उत्तर: आता हातोडा बंद. आधार न देता मारलेला घाव कॉटरला लागत नाही, तो अ‍ॅक्सलमधून छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो. कॉटरवर भेदक तेल रात्रभर मुरू द्या. क्रँकखाली जाड लोखंडी नळीचा तुकडा असा उभा करा की खालचं टोक सिमेंटच्या जमिनीवर टेकेल आणि वरच्या पोकळीत कॉटर उतरेल. नट काढू नका, कॉटरच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल ठेवा, म्हणजे आटे वाचतात. मग किलोभराच्या हातोड्याचा एकच नेमका घाव. दहा हलक्या घावांनी कॉटर आणखी फुगतो. चेपलेला तरीही निघाला नाही तर मधोमध पंच मारून 6 मिमीच्या ड्रिलनं पोखरा आणि मग ठोका.

बी.बी. मागवण्याआधी तो बसतो त्या फ्रेमच्या नळीची रुंदी आणि आटे मोजा. इंग्लिश नळी 68 मिमीची आणि उजव्या कपाला उलटे आटे, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेनं सुटतो. इटालियन 70 मिमीची, दोन्ही कप सरळ आट्यांचे. काही जुन्या रॅलेच्या नळ्यांना इंचात 24 ऐवजी 26 आटे असतात. जुन्या कपावर 10 आटे मोजा: 10.6 मिमी भरले तर 24 चे, 9.8 भरले तर 26 चे. 26 वर 24 चा कार्ट्रिज एक-दोन फेऱ्यांत अडकतो. तिथे जोर लावलात तर नळीचे आटे कायमचे जातात. अशा नळीत जुनेच कप ठेवून फक्त चौकोनी टोकाचा अ‍ॅक्सल घाला, किंवा आतून फुलून बसणारा बिनआट्याचा कार्ट्रिज मागवा.

अ‍ॅक्सलची लांबी क्रँक ठरवतो, फ्रेम नाही. पुढे दोन चकत्या असतील तर त्यांच्या मधली रेषा सीटच्या नळीच्या मध्यापासून 43.5 मिमीवर यायला हवी. कार्ट्रिजला 50 ते 70 न्यूटन-मीटर आणि क्रँकच्या बोल्टला 35 ते 50 एवढा पीळ द्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

प्रश्न (अमळनेर): आजोबांची काळी सायकल आहे, दांड्यांच्या ब्रेकची. शेजारचे आबा अहिराणीत म्हणतात, "ब्रेक लागस, पण सायकल थांबत नही." तिला मागे सात गिअर आणि नवे ब्रेक लावायचे आहेत.

उत्तर: हिला डिरेलर लावू नका, असं आम्ही मनापासून सांगतो. 28 x 1½ ची रिंग 635 ची असते, पुढे 32 आणि मागे 40 तारांची. दांड्याचा ब्रेक रिंगला आतून दाबतो आणि तिच्या कडा गोल असतात. त्यावर चिमटीचा ब्रेक धरत नाही. म्हणजे रिंगा, तारा, हब, ब्रेक, चिमटा सगळंच बदलावं लागेल आणि आजोबांची म्हणून फक्त नळ्या उरतील.

चढ हलका करायचा एक स्वस्त उपाय आहे. पुढे 44 आणि मागे 18 दात असतील तर मागे 22 ची फ्रीव्हील घाला. गुणोत्तर 2.44 वरून 2.0 होतं, म्हणजे पायाला सुमारे 18 टक्के सुटका. साखळीत एक जोड वाढवा, नाहीतर चाक अर्धा इंच पुढे घ्या. ब्रेकसाठी रिंगचा आतला भाग रॉकेलनं पुसून कोरडा करा, नवे रबर घाला आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या. दांड्यांच्या सांध्यांत तेलाचा एकेक थेंब सोडा, रिंगवर मात्र एकही पडू देऊ नका. पावसात तरीही दुप्पट अंतर राखून चालवा.

प्रश्न (रावेर): हँडल वर-खाली होत नाही, गंजून बसलं आहे.

उत्तर: वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक घाव घाला, आतली पाचर खाली सुटते. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. नाही हललं तर भेदक तेल आणि एक दिवसाची वाट. सुटल्यावर आजचं चार बोल्टचं स्टेम (हँडल धरणारा भाग) हवं असेल तर 22.2 मिमीच्या जुन्या खांबातून 28.6 मिमीच्या नव्या मापात जाणारा अडॅप्टर मिळतो. हँडलबारचा मधला व्यास 25.4, 26.0 की 31.8, तेही मोजून घ्या.

प्रश्न (शहादा): मे महिन्यात तोरणमाळच्या वाटेवर उभी केलेली सायकल, ट्यूब आपोआप फुटली. 28 मिमीचा टायर, सकाळी 100 पीएसआय हवा भरली होती.

उत्तर: 70 किलोच्या माणसाला 28 मिमीच्या टायरमध्ये 100 पीएसआय मुळातच जास्त आहे. मागे 75, पुढे 65 च्या आसपास ठेवा. सकाळी 25 अंशांना भरलेली 75 ची हवा उन्हात टायर 55 अंशांपर्यंत तापला की 84 च्या घरात जाते. 100 भरली असेल तर 111 पर्यंत. जुन्या पोलादी रिंगेच्या कडेला आतून टायर धरून ठेवणारा हुक नसेल तर एवढ्या दाबाला टायर रिंगेवरून निसटतो आणि ट्यूब फुटते. फुटलेली ट्यूब बघा. कडेनं लांब फाटली असेल तर हेच कारण, आणि रिंग बदलेपर्यंत दाब कमीच ठेवा. बारीक भोक असेल तर बाभळीचा काटा. तो टायरमध्ये मोडून राहिलेला असतो, म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापडानं पुसा. कापड जिथे अडकेल तिथे काटा आहे.